नव्वदच्या दशकातल्या किशोर भयकादंबऱ्या: जुना गठ्ठा वाचण्याजोगा करताना

१० मे: निवड

काम असं: पुण्यातल्या एका सोसायटीच्या वाचनालयात दहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी इंग्रजी भयकादंबऱ्यांचा एक कप्पा उभा करायचा. नवीन घ्यायच्या नाहीत, रद्दीवाले आणि जुन्या पुस्तकांच्या हातगाड्यांवरून जमवायच्या. पुस्तकं संग्रहाला नकोत, मुलांनी लोळत वाचायला हवीत. त्यामुळे दुरुस्तीही तेवढीच, वाचता येईल इतपत.

माल बहुतेक १९८५ ते १९९७ मधला. ख्रिस्तोफर पाइकची ‘स्लंबर पार्टी’ १९८५ची, आर. एल. स्टाइनची ‘ब्लाइंड डेट’ १९८६ची. १९८९ पासून ‘फिअर स्ट्रीट’, आणि जुलै १९९२ ते डिसेंबर १९९७ या काळात ‘गूजबम्प्स’ची मूळ ६२ पुस्तकं. ही शेवटची मालिका आपल्याकडच्या गठ्ठ्यांत सगळ्यात जास्त सापडते, कारण शाळेतल्या पुस्तक प्रदर्शनांतून ती घरोघरी गेली.

गाडीवर पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठ बघू नका, उलटं धरा आणि शेवटची दोन प्रकरणं तपासा. ही पुस्तकं शिवलेली नसतात. पानांचा गठ्ठा मागून खरवडून गरम गोंदाने मुखपृष्ठाला चिकटवलेला असतो. गोंद वाळून ठिसूळ झाला की मधली पानं अडकून राहतात, पण पहिली आणि शेवटची गळतात. कादंबरीचा शेवट एका पानात उलटवायचा हीच या प्रकाराची खोड, म्हणजे नेमकं ते पान गेलं की बाकीची सव्वाशे पानं रद्दीच्या भावाची. पहिलं पान नसलं तर चालतं. तिसऱ्या ओळीपर्यंत कळतं की कुटुंब नव्या गावात राहायला आलंय आणि घर विचित्र आहे.

मग पुस्तक मधोमध थोडंसं उघडा. कडकड आवाज आला तर गोंद मेलेला. नाक लावा. नुसता जुनाट वास चालतो, ओलसर कुबट वास नको. भाव ठरलेला नसतो. एकेक घेतलं तर ६० ते १००, गठ्ठा उचलला तर ४०च्या आसपास पडतं. गठ्ठाच घ्या, सुटे भाग म्हणून दुसरी प्रत लागतेच.

मुखपृष्ठ फाडलेली पुस्तकं घेतली नाहीत. अमेरिकी प्रतीत आतल्या पानावर इशारा छापलेला असतो: मुखपृष्ठाविना विकलेलं पुस्तक चोरीचं समजावं. न खपलेल्या प्रतींची नुसती मुखपृष्ठं प्रकाशकाकडे परत जायची आणि पुस्तक नष्ट केल्याची नोंद व्हायची, म्हणून ही सूचना. आपल्या गाडीवरचं पुस्तक बहुधा कुणाच्या तरी धाकट्या भावाने फाडलेलं असतं, पण मुखपृष्ठ नसलं की बांधणीला आधारच उरत नाही.

११ मे: कोणती प्रत कोणत्या छपाईची

सुटी पानं जुळवायची तर हे आधी करावं लागतं. ‘गूजबम्प्स’चे प्रकाशक स्कोलॅस्टिक, त्यांच्या अमेरिकी प्रतीत कॉपीराइटच्या पानावर तळाला आकड्यांची ओळ असते: १२ पासून १ पर्यंत उतरते, मग थोडी जागा, मग वर्षांचे शेवटचे आकडे आणि तिरक्या रेषेपलीकडे ९, म्हणजे नव्वदचं दशक. डाव्या भागातला उरलेला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई, उजव्या भागातला सगळ्यात लहान म्हणजे वर्ष. डावीकडे ७ आणि उजवीकडे ३ असेल तर १९९३ची सातवी छपाई.

ब्रिटिश प्रतींत मालिकेचे क्रमांक अमेरिकी क्रमांकांशी जुळत नाहीत. कण्यावरच्या (पुस्तकाच्या पाठीवरच्या) आकड्यावरून यादी केली आणि यादी बिघडली. नावावरूनच करा. २००८ पासून निघालेल्या ‘क्लासिक गूजबम्प्स’ आवृत्त्यांत मांडणी वेगळी आहे, म्हणून त्यांतली पानं जुन्या प्रतीत बसत नाहीत: जुन्या प्रतीच्या ८७व्या पानाचं शेवटचं वाक्य नव्या प्रतीत दुसऱ्याच पानावर मध्येच येतं.

१३ मे: फ्रीजर

कसर आणि बारीक पांढऱ्या उवा घरातल्या बाकीच्या पुस्तकांत जाऊ नयेत म्हणून गठ्ठा थेट फडताळात ठेवायचा नाही. एकेक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत, हवा काढून तोंड टेपने बंद, त्यावर दुसरी पिशवी. घरगुती फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, म्हणून दोन आठवडे. एका वेळी जास्त कोंबली तर मधली पुस्तकं गार व्हायला वेळ लागतो आणि किडे तेवढ्यात सावरतात.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच खोलीत ठेवायची. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. लगेच उघडली तर तेच पाणी कागदावर बसतं आणि पानं लाटेसारखी होतात.

फ्रीजरने बुरशी मरत नाही, नुसती झोपते. बुरशीचे ठिपके असलेली प्रत कोरड्या सावलीत उभी उघडून ठेवायची, बुरशी वाळून भुकटी झाली की घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेला झटकायची. ओला कपडा अजिबात नाही.

२९ मे: साफसफाई

किमतीच्या चिकट्या, जुने टेप, वाचनालयांचे शिक्के. शिक्के सोडून द्या, खोडायला गेलात तर कागद जातो.

चिकटी काढायला केस वाळवायचा ड्रायर, मध्यम गरम, दहा-पंधरा सेकंद, मग नखाने कोपरा उचलून चिकटी स्वतःवरच उलटी दुमडत ओढायची. सरळ वर ओढली की मुखपृष्ठाचा वरचा थर सोबत येतो. ‘गूजबम्प्स’चं उठावाचं नाव आणि काही पुस्तकांवरची चमकी यांच्यावर ड्रायर धरू नका, चमकी फुगते. उरलेल्या चिकटपणासाठी लायटरमध्ये भरायचं पेट्रोल कापसावर दोन थेंब. आधी मागच्या मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात करून बघा. खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझवलेला, ड्रायर बंद. रॉकेल वापरू नका, उडून जात नाही आणि कागदावर तेलकट चट्टा कायमचा राहतो. थिनरने रंगच उतरतो.

पिवळा पडलेला पारदर्शक टेप दोन थरांचा असतो: वरची पट्टी आणि खालचा गोंद. पट्टी गरम करून बोथट सुरीने अगदी आडव्या कोनात उचलली जाते. गोंद कागदात मुरलेला असेल तर तो डाग राहणार, राहू द्या. खरवडायला गेलं की भोक पडतं.

पानांच्या कडांवरचा काळपट थर जातो. पुस्तक घट्ट दाबून धरायचं आणि कोरड्या पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने घासायचं. कागद मुळात हलक्या लगद्याचा असल्याने पिवळेपणा आतूनच आलेला आहे, तो खोडरबराने जात नाही. उन्हात ठेवून पांढरा करण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, उन्हाने कागद आणखी ठिसूळ होतो.

२ जून: एकेक सुटं पान

सोपी दुरुस्ती. पानाच्या कण्याकडच्या कडेला फेविकॉल, जेमतेम २ मिलिमीटर रुंद पट्टी. ती नेमकी यावी म्हणून पानावर रद्दी कागद ठेवून २ मिलिमीटर कड उघडी ठेवायची आणि रद्दी कागदावरून बाहेरच्या बाजूला ब्रश ओढायचा. पान आत सारून वरची-खालची कड जुळवायची, दोन्ही बाजूंना बटर पेपर, वर दोन विटा. रात्रभर.

गोंद जास्त झाला तर शेजारची तीन पानंही चिकटतात आणि उघडताना फाटतात. गहू-मैद्याची खळ इथे टाळली. बाइंडरला ती आवडते, पण कसरीलाही आवडते.

एका पुस्तकात तीन-चारहून जास्त पानं सुटी असतील तर हा उपाय करू नका. एकेक पान जोडत गेलं की कणा जाड होत जातो आणि शेजारच्या पानांवर ताण येऊन तीही सुटतात.

५ जून: पूर्ण कणा नव्याने

वेळ इथेच गेला, म्हणून सविस्तर.

आधी मुखपृष्ठ सोडवायचं. ड्रायरने कणा गरम केला की जुना गोंद मऊ होतो आणि मुखपृष्ठ हळूहळू सुटतं. घाई केली तर कण्यावरची अक्षरं गोंदाबरोबर निघतात. इस्त्री करून बघितली: उठावाची अक्षरं सपाट झाली आणि मुखपृष्ठावरचा लेप चिकटला. इस्त्री बाद.

मग गठ्ठ्याच्या पाठीवरचा जुना गोंद सोलायचा. बराचसा पापुद्रा हाताने निघतो, उरलेला पॉलिश पेपरने. प्रेसमध्ये नेऊन पाठ कापून घेणं सोपं वाटतं, पण या पुस्तकांत आतला समास आधीच तुटपुंजा, सेंटिमीटरभर. कटिंगवाल्याने ३ मिलिमीटर घेतले की ओळींची सुरुवात कण्यात बुडते. १ मिलिमीटरच्या वर कापू नका, शक्यतो कापूच नका.

आता पंख्यासारखी चिकटवणी. गठ्ठा ठोकून चारी बाजू समान करायच्या, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरायचा, पाठ दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर ठेवायची आणि पुठ्ठे दोन सुतारी शिकंज्यांनी आवळायचे. बाहेर आलेली पानं डावीकडे वाकवली की प्रत्येक पानाची अर्धा-पाऊण मिलिमीटर कड उघडी पडते. तिथे फेविकॉल, ब्रश मधून बाहेर. लगेच उजवीकडे वाकवून दुसऱ्या अंगाला तसंच. सरळ करून पाठीवर एक पातळ थर. त्यावर धुतलेल्या जुन्या मलमलीची पट्टी, दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर जास्त ठेवून, आणि पट्टीवर आणखी एक हात. सगळं मिळून तीन-चार मिनिटांत व्हायला हवं, नाहीतर पहिल्या अंगाचा गोंद ओढ धरतो आणि गठ्ठा एका बाजूला वाकडा वाळतो.

गोंदात पाणी किती? अजिबात घातलं नाही तर ब्रश फिरत नाही. निम्मं घातलं तर पानांची कड फुगते आणि कणा लाटेसारखा होतो. पाच भाग गोंदाला एक भाग पाणी जमलं.

मुखपृष्ठ बसवताना पाठीला गोंद आणि शिवाय पहिल्या व शेवटच्या पानाच्या कडेला ३-४ मिलिमीटर. ही कडेची पट्टी विसरलात तर सगळा भार पाठीवर येतो आणि दुसऱ्या वाचकाच्या हातात मुखपृष्ठ सुटतं. मुखपृष्ठाची मूळ घडी असते तिथेच घडी यायला हवी, म्हणून गोंद लावण्याआधी कोरडी बसवून पेन्सिलने खूण करा.

चार-पाच किलो वजनाखाली एक दिवस, मग आणखी दोन दिवस उघडायचं नाही. बोट घालून मधूनच बघायचा मोह होतो. बघितलंत तर तिथेच फट राहते.

साहित्याचा खर्च पुस्तकामागे १२ ते १५ रुपये. हात चालणारा वेळ सुमारे पाऊण तास, सुरुवातीच्या पुस्तकांना दीड.

१८ जून: पाऊस

गोंद वाळेना. मेमध्ये एका रात्रीत घट्ट व्हायचा, आता दीड दिवस. पुस्तकं वजनाखालून लवकर काढली, पाठी बाहेरच्या अंगाला फुगल्या. गोंद ओला असताना परत सरळ करून दाबली तर जमतं. वाळल्यावर नाही, पाठ सोलून पुन्हा सगळं.

त्याहून मोठा त्रास म्हणजे बंद लोखंडी कपाटात ठेवलेल्या दुरुस्त पुस्तकांवर पांढरी पूड. मलमलीत ओल राहिली होती. जुलै-ऑगस्टसाठी नियम: दुरुस्त केलेलं पुस्तक उघड्या मांडणीवर, भिंतीपासून बोटभर पुढे, पंखा चालू, किमान आठवडाभर. मगच कपाट. कपाटात सिलिका जेल, आणि ते दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत. डांबरगोळ्या नकोत. किड्यांना अडवतात, बुरशीला नाही, आणि मुलांना पुस्तकातून येणारा तो वास नकोसा होतो.

ज्यांना घाई नाही त्यांनी कणा बदलायचं काम दिवाळीनंतर धरावं.

२ जुलै: गहाळ पानं

दोन प्रकार. एक, मागची कूपनची पानं मुलांनी कापून नेलेली. पुस्तकं मागवायचा तक्ता त्या पानावर असायचा. ते पान गेलं तरी कथा शाबूत, पण कापताना अलीकडचं पानही अर्धं कापलेलं असतं आणि तिथे शेवटचं प्रकरण असतं. मोजून बघा. दोन, ‘गूजबम्प्स’च्या शेवटी पुढच्या पुस्तकाचं एखादं प्रकरण चवीला दिलेलं असतं. ते अर्धवट आलं की वाटतं पुस्तकच अपुरं आहे. फेकण्याआधी खात्री करा.

खरोखर गहाळ पान असेल तर त्याच छपाईच्या दुसऱ्या प्रतीतून झेरॉक्स. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) पांढराशुभ्र कागद पिवळ्या पुस्तकात उठून दिसतो आणि जाड लागतो. ६० जीएसएम, नॅचरल शेडचा मॅपलिथो (छपाईचा कागद) घ्या. तंतूंची दिशा महत्त्वाची: पुस्तकातल्या पानाचे तंतू कण्याला समांतर असतात. ए-४ कागदाचे तंतू साधारणपणे लांब बाजूने जातात, त्यामुळे तो मध्यात कापून दोन पानं काढली की तंतू आडवे होतात. असं पान ताठ उभं राहतं, पुस्तक मिटत नाही आणि ओढून ओढून निघतं. पूर्ण ए-४ उभा ठेवून त्यावर एकच पान घ्यायचं, उरलेला कागद वाया. तसा वाया जाणं परवडतं.

९ जुलै: स्वतःची वाट निवडायची पुस्तकं

‘गिव्ह युअरसेल्फ गूजबम्प्स’ ही १९९५ पासूनची उपमालिका, वीसहून जास्त शेवट असणारी. वाचक सतत पानं पुढे-मागे करतो, बोट तीन ठिकाणी अडकवून ठेवतो. या पुस्तकांची झीज वेगळी: कणा मधोमध न तुटता पाच-सहा जागी तुटतो. यांना फेविकॉलची पाठ लवकर ताठ पडते, म्हणून थर पातळ आणि मलमल दुहेरी. शिवाय प्रत्येकात तीन सुट्या कागदी खुणा, ३ सेंटिमीटर रुंद. खुणा असल्या की मुलं बोटं अडकवत नाहीत, कोपरेही दुमडत नाहीत.

१५ जुलै: आवरणं

चिकट पारदर्शक फिल्म लावू नका. एकाच बाजूला लागल्याने दमट हवेत मुखपृष्ठ आत वळतं, आणि काढताना चित्र घेऊन येतं. ‘गूजबम्प्स’च्या बाबतीत टिम जेकबसची चित्रं हीच अर्धी गंमत, ती घालवायची नाहीत. शाळेच्या वह्यांना घालतात तो मऊ प्लास्टिकचा कव्हरही नको, काही महिन्यांत तो छपाईला चिकटतो. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट घडी घालून, कोपरे आतल्या बाजूला टेपने एकमेकांना, पुस्तकाला नाही.

२२ जुलै: वाचायला देताना काय अडलं

पुस्तकं सुधारली तरी वाचली जात नव्हती. कारणं लगेच कळली.

‘गूजबम्प्स’वरून थेट ‘फिअर स्ट्रीट’कडे गेलेली मुलं पहिल्या चार प्रकरणांत थांबतात. तिथे शाळा, मैत्री, कोण कुणाबरोबर फिरतंय हेच चालतं. भीती उशिरा येते, पण आली की खून असतो. उलट ‘गूजबम्प्स’मध्ये रक्त जवळजवळ नाही, पण धक्का दर सहा पानांनी. मधली पायरी म्हणून ‘गूजबम्प्स’मधलीच ‘द हॉन्टेड मास्क’ आणि ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डमी’ ठेवली. दोन्ही १९९३ची, दोन्हींत भीती भुताची नसून स्वतःवरचा ताबा सुटण्याची आहे. तिथून मोठ्या मुलांच्या पुस्तकांकडे जाणं सोपं जातं. पाइक पंधरा वर्षांच्या पुढे. त्याच्याकडे मृत्यू, दारू, शरीरसंबंध सरळ येतात. आवरणावर (पुस्तकावर नाही) वयानुसार तीन रंगांचे ठिपके लावले.

रात्री झोपायच्या वेळी कुठे थांबायचं, याला उत्तर आहे. प्रकरण संपतं तिथे नाही, पुढच्या प्रकरणाचं पहिलं पान वाचून. प्रकरणाच्या शेवटी खांद्यावर पडलेला गार हात पुढच्या पानावर बहुतेक वेळा धाकट्या भावाचा किंवा मांजराचा निघतो. तिथे थांबलेलं मूल झोपतं.

शेवट आधी बघणाऱ्यांसाठी शेवटच्या दोन प्रकरणांवर कागदी पट्टी, ४ सेंटिमीटर रुंद, मागे एकमेकांना चिकटवलेली. पुस्तकाला गोंद नाही. पट्टी तोडायची परवानगी आहे, पण तुटलेली दिसते, एवढ्यावरच बरेच थांबतात.

लोइस डंकनच्या ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’च्या दोन वेगवेगळ्या प्रती आल्या: १९७३च्या मूळ मजकुराची आणि २०१० मध्ये मोबाइल वगैरे घालून अद्ययावत केलेली. दोन्ही ठेवल्या, पण आवरणावर वर्ष ठळक लिहून. भीती निनावी चिठ्ठीवर आणि घरच्या फोनवर उभी आहे, म्हणून मोठ्या मुलांना आधी जुनी द्यावी असं मत पडलं. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांना नवी बरी, फोन मोकळा नाही म्हणून ताटकळणं त्यांना समजावत बसावं लागत नाही.

मराठीत याच चवीचं काय, हा प्रश्न येतोच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत, पण चौदा-पंधरा वयाला पेलतात. मतकरींचा ‘खेकडा’ हा कथासंग्रह वेगळ्या कप्प्यात, लाल ठिपक्याने.

८ ऑगस्ट: हिशेब आणि उरलेलं काम

गठ्ठ्यातली साधारण तीन चतुर्थांश पुस्तकं फिरायला लागली. ज्यांचा शेवटच नव्हता आणि दुसरी प्रतही मिळाली नाही ती सुट्या भागांच्या खोक्यात, नावांच्या यादीसह. नवा गठ्ठा आला की आधी यादीशी ताडायचा.

पैसे पुस्तकांपेक्षा हत्यारांवर गेले: शिकंजे, दोन चांगले ब्रश, लोखंडी पट्टी. तीच पुढच्या खेपेला कामी येतील. पुन्हा करायचं झालं तर खरेदी जानेवारीत, फ्रीजर फेब्रुवारीत, कण्याचं सगळं काम मार्च-एप्रिलमध्ये.

दुरुस्त कण्यांपैकी दोन परत सुटले. दोन्हींत कडेची ३ मिलिमीटरची पट्टी अर्धवट लागली होती. ती सोलून पुन्हा वजनाखाली ठेवली आहेत, बुधवारी काढायची.